हिरवळीचें शास्त्र आणि पवनेचें पाणी

क्रीडांगणावरील हिरवळ पाहून डोळ्यांस सुख होतें. परंतु ती हिरवी राखण्यास पाणी किती लागतें, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं. आपल्या रावेत गांवीं तर तो विचारणें अगत्याचें आहे. पवना धरणांतून सोडलेलें पाणी नदीच्या पात्रांतून वाहत येतें, रावेतच्या बंधाऱ्यापाशीं उचललें जातें आणि निगडी येथें शुद्ध होऊन पिंपरी-चिंचवडच्या घरोघरीं पोंचतें. मावळांतील शेतेंही याच नदीवर अवलंबून आहेत. या पाण्याचा वाद किती तीव्र होऊं शकतो, हें ९ ऑगस्ट २०११ रोजीं दिसून आलें. धरणापासून निगडीपर्यंत योजिलेल्या बंद जलवाहिनीविरुद्ध मावळच्या शेतकऱ्यांनीं द्रुतगति मार्गावर आंदोलन केलें. पोलिसांचा गोळीबार झाला आणि तीन शेतकरी प्राणांस मुकले.

रावेतापासून जवळच गहुंजे येथें २०१२ सालीं मोठें क्रिकेटचें मैदान सुरू झालें. एप्रिल २०१६ मध्यें राज्यांत दुष्काळ असतां मुंबई उच्च न्यायालयानें ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर नेण्याचा आदेश दिला; आणि एप्रिल २०१८ मध्यें गहुंजे मैदानासाठीं पवनेचें पाणी घेण्यास मनाई केली.

या ठिकाणीं थोडें गणित करूं. एक चौरस मीटर जागेवर एक मिलीमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. एक हेक्टर, म्हणजे १०,००० चौरस मीटर, हिरवळीस उन्हाळ्यांत रोज ५ मिलीमीटर पाणी दिलें, तर ५०,००० लिटर खर्च होतात. शहरांत दर माणशीं दररोज १३५ लिटर पाणी धरण्याचा प्रघात आहे. त्या हिशेबानें हें सुमारें ३७० माणसांचें पाणी झालें.

मग हिरवळ नकोच काय? तसें नव्हे. गवताचीं दाट मुळें माती धरून ठेवतात, पावसाचें पाणी जमिनींत मुरूं देतात, धूळ व उष्णता कमी करतात आणि खेळतांना पडलेल्या मुलास सांभाळून घेतात. प्रश्न आहे तो थोड्या पाण्यावर टिकणारें गवत निवडण्याचा. आणि हिरवळीच्या संशोधनाचें मुख्य कार्य तेंच होय.

असें एक गवत आपल्या पायांखालींच आहे. तें म्हणजे हरळी, जिला आपण दूर्वा म्हणतों. शेतकरी हरळीला वैरी समजतो. कारण कितीही नांगरलें तरी एखादें कांडें मातींत राहिलें कीं ती पुन्हां फुटते. परंतु शेतांत जो दोष, तोच क्रीडांगणावर गुण ठरतो. जमिनीखालच्या कांड्यांत तिचें अन्न सांठलेलें असतें. कडक उन्हानें पानें वाळलीं तरी डोळे जिवंत राहतात आणि पहिल्या पावसाबरोबर ती हिरवी होते.

तिच्या पानांतही एक विशेष योजना आहे. वनस्पति कार्बन डायऑक्साइड वायु घेण्यासाठीं पानांचीं सूक्ष्म छिद्रें उघडतात, आणि त्याच वाटेनें त्यांतील पाणी वाफ होऊन निसटतें. हरळी, ज्वारी, बाजरी व ऊंस यांच्या पानांत हा वायु एकवटला जातो. त्यामुळें तितक्याच वाढीस त्यांना पाणी कमी पुरतें. थंड देशांतील हिरवळीच्या गवतांत ही सोय नसते.

या हरळीवर अमेरिकेंतील टिफ्टन या गांवीं ग्लेन बर्टन या शास्त्रज्ञांनीं अनेक वर्षें काम केलें. ३६ गुणसूत्रांची हरळी आणि १८ गुणसूत्रांचें तिचें आफ्रिकेंतील भावंड यांच्या संकरांतून २७ गुणसूत्रांचीं गवतें निघालीं. त्यांस बीं धरत नाहीं, म्हणून तीं कांड्यांपासून लावावीं लागतात. त्यांपैकीं 'टिफवे' हें १९६० सालीं प्रसिद्ध झालें आणि जगांतील पुष्कळ क्रीडांगणांवर पसरलें. त्याच प्रयोगशाळेच्या परंपरेंतून पुढें 'टिफटफ' निघालें; त्यास टिफवेपेक्षां सुमारें ३८ टक्के पाणी कमी लागतें, असें जॉर्जिया विद्यापीठाच्या संशोधकांनीं जाहीर केलें आहे. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. बर्टन यांनीं तयार केलेल्या बाजरीच्या वाणाचा उपयोग करून १९६५ सालीं भारतांत 'एचबी-१' ही संकरित बाजरी निघाली. गवताचा अभ्यास भाकरीपर्यंत पोंचतो, तो असा. आपल्या पुण्यासही पुष्पविज्ञान संशोधन संचालनालयांत फुलांबरोबर हिरवळीच्या गवतांचा अभ्यास होतो.

तथापि गवत उत्तम असून निगा चुकली, तर सारें व्यर्थ. रोज वरवर पाणी शिंपडल्यास मुळें वरच्या थरांतच राहतात व एका दिवसाच्या उन्हानें गवत सुकतें. उलट, पाणी अंतरानें पण भरपूर दिल्यास मुळें खोल जातात. पान हें गवताचें स्वयंपाकघर आहे. म्हणून एका वेळीं पात्याच्या उंचीच्या एकतृतीयांशाहून अधिक कापूं नये. कापलेलें बारीक गवत तेथेंच पडूं द्यावें; तें कुजून नत्र मातीस परत मिळतें. आणि जेथें शुद्ध केलेलें सांडपाणी मिळूं शकतें, तेथें पिण्याचें पाणी गवतास घालूं नये.

हें आमच्या शब्दावर मानूं नका. उन्हाळ्याच्या सुटींत करून पाहा. घराशेजारीं सारख्या मातीचे एकेक चौरस मीटरचे दोन वाफे करून दोहोंत हरळी लावा. ती नीट रुजल्यावर एका वाफ्यास रोज ५ लिटर व दुसऱ्यास दर चौथ्या दिवशीं १० लिटर पाणी द्या. म्हणजे दुसऱ्यास निम्मेंच पाणी मिळेल. भाजी धुतलेलें पाणी यास चालेल. एक महिन्यानें दोहोंच्या कडेस खुरप्यानें खणून मुळांची लांबी पट्टीनें मोजा आणि वहींत टिपून ठेवा. पालकांनींही या प्रयोगांत मुलांस साह्य करावें, आणि आपल्या गृहसंकुलाच्या बागेस रोज किती पाणी जातें, याची चौकशी मुलांसमवेत करावी.