परकीय भाषेचा अभ्यास : गुणांसाठीं कीं ज्ञानासाठीं?



दहावीचा निकाल लागला, कीं दरवर्षीं एक प्रश्न माझ्यापुढें हमखास येतो : "सर, अकरावीस संस्कृत घ्यावें, जर्मन घ्यावें कीं फ्रेंच? गुण कशांत अधिक पडतात?" प्रश्नाचा पूर्वार्ध योग्य आहे; उत्तरार्ध ऐकून मात्र मन खिन्न होतें.

कांहीं वर्षांपूर्वीं असाच एक विद्यार्थी आला असतां, "जर्मन घे, गुण चांगले पडतात," असा सल्ला मीं त्यास दिला. त्यानें उत्तम गुण मिळविले. दोन वर्षांनीं तो भेटावयास आला, तेव्हां माझ्या मेजावर एका यंत्राची जर्मन माहितीपत्रिका पडली होती. ती मीं कौतुकानें त्याच्या हातीं दिली. त्यास एका वाक्याचाही अर्थ लागेना. तो ओशाळला, आणि खरें सांगावयाचें तर त्याच्याहून अधिक मी ओशाळलों. त्या चुकीची थोडीफार भरपाई व्हावी, म्हणून हा लेख.

परकीय भाषा कशासाठीं शिकावी, याचें उत्तर आपल्या गांवींच सांपडतें. नगरच्या किल्ल्यांत १९४२ ते १९४५ या काळांत राष्ट्रीय पुढारी बंदिवासांत होते. पंडित नेहरूंनीं १९४४ सालीं तेथें 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ लिहिला, हें सर्वांस ठाऊक आहे. त्यांचे सहबंदी आचार्य नरेंद्र देव यांच्या कार्याची आठवण मात्र फार थोड्यांस असते. वसुबंधु या बौद्ध पंडिताच्या 'अभिधर्मकोश' या ग्रंथाचें संस्कृत मूळ दीर्घकाळ लुप्त होतें. चिनी व तिबेटी भाषांतरें तेवढीं उरलीं होतीं. त्यांच्या आधारें लुई द ला वाले पूसँ या बेल्जियन पंडितानें त्याचा फ्रेंच अनुवाद केला. नरेंद्र देवांनीं त्या फ्रेंच ग्रंथावरून हिंदी अनुवाद सिद्ध केला, आणि किल्ल्यांतील कारावासांतही त्यांचें तें काम चालू होतें. भारतांतील ग्रंथ भारतीयांच्या हातीं परत यावा, यासाठीं फ्रेंच भाषा कामीं आली!

मराठीचीही गोष्ट अशीच आहे. आपल्या भाषेच्या जडणघडणीचा शास्त्रीय इतिहास झ्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडितानें लिहिला व तो १९२० सालीं पॅरिस येथें फ्रेंचमध्यें प्रसिद्ध झाला. वासुदेव गोपाळ परांजपे यांनीं १९४१ सालीं तो मराठींत आणला. मधल्या वीस-एकवीस वर्षांत ज्यास फ्रेंच येत नव्हतें, त्या मराठी माणसास तो आपल्याच भाषेचा इतिहास वाचतां येत नव्हता.

आतां प्रत्यक्ष अभ्यासाकडे वळूं. "आम्ही मराठी माध्यमाचीं मुलें, आम्हांस ही भाषा कशी जमणार?" अशी भीति पुष्कळांस वाटते. ती अनाठायीं आहे. उलट कित्येक बाबतींत मराठीच तुम्हांस इंग्रजीपेक्षां अधिक साह्य करील.

पहिली बाब लिंगाची. मराठींत जसे 'तो, ती, तें', तसे जर्मनमध्यें 'डेर, डी, डास'. मुलगी या अर्थाचा 'मेडशेन' हा शब्द तेथें नपुंसकलिंगी आहे, कारण 'शेन' हा लघुत्वदर्शक प्रत्यय लागला कीं नाम नपुंसकलिंगी होतें. आपणही लाडानें 'पोरगें' म्हणतोंच कीं! मात्र प्रत्येक शब्दाचें लिंग जुळेल, असें समजूं नये. सूर्य आपल्याकडे पुल्लिंगी, जर्मनमध्यें स्त्रीलिंगी. फ्रेंचमध्यें लिंगें दोनच. तेथें सूर्य पुल्लिंगी व चंद्र स्त्रीलिंगी आहे.

दुसरी बाब वाक्यरचनेची. 'वाइल इश क्रांक बिन' हें जर्मन गौणवाक्य पाहा. वाइल म्हणजे कारण, इश म्हणजे मी, क्रांक म्हणजे आजारी, बिन म्हणजे आहे : 'कारण मी आजारी आहे.' शब्दामागून शब्द मराठीच्याच क्रमानें आला व क्रियापद शेवटीं राहिलें. मुख्य वाक्यांत मात्र क्रियापद दुसऱ्या स्थानीं येतें, हें विसरूं नये.

तिसरी बाब संख्यांची. पंचवीस या शब्दांत आधीं पांच व मग वीस येतात. जर्मन मनुष्यही 'पांच आणि वीस' असेंच म्हणतो. फ्रेंच मनुष्य ऐंशींस 'कात्र व्हँ' म्हणजे 'चार विसा' म्हणतो. विसांनीं मोजणाऱ्या आपल्या खेड्यांतील आजीबाईस हा हिशेब तत्काळ उमजेल. आणि 'तू' व 'तुम्ही' हा भेद दोन्ही भाषांत आहे. आजच्या इंग्रजींत तो उरलेला नाहीं.

अडचणी आहेतच. जर्मनमध्यें विभक्ति चार असून तिच्याप्रमाणें उपपद बदलतें. फ्रेंचमध्यें शब्दान्तींचीं पुष्कळ अक्षरें लिहितात, पण उच्चारीत नाहींत. आपण ज्यास पॅरिस म्हणतों, त्यास तेथील लोक 'पारी' म्हणतात. यांवर उपाय नित्य अभ्यासाचा. प्रत्येक नाम उपपदासह पाठ करावें. रोज अर्धा तास मोठ्यानें वाचावें. मार्गदर्शकांतील तयार निबंध घोकण्याऐवजीं आपली एस.टी., आपलें बाजरीचें शेत, आपलें घर यांविषयीं रोज पांच वाक्यें स्वतः रचावीं, मग तीं चुकलीं तरी चालतील. शाळेंत शिक्षक नसेल, तर 'डॉइचे वेले' या जर्मन प्रसारण संस्थेचे विनामूल्य पाठ भ्रमणध्वनीवर ऐकतां येतात. पुढें पुण्यास मॅक्सम्युलर भवन व रानडे इन्स्टिट्यूट येथें शिकण्याची सोय आहे.

संस्कृत सोडून जर्मन किंवा फ्रेंच घ्यावें, असें माझें मुळींच म्हणणें नाहीं. ज्यास जी भाषा खरोखर हवी, त्यानें ती घ्यावी. यापुढें मात्र कोणी "गुण कशांत अधिक?" असें विचारलें, तर मी त्यास उलट विचारीन : "परीक्षा संपल्यावर त्या भाषेंत तूं काय वाचणार आहेस?" ज्यापाशीं याचें उत्तर असेल, त्यानें तो विषय खुशाल घ्यावा, गुण आपोआप मागून येतील. ज्यापाशीं नसेल, त्यानें अर्ज भरण्यापूर्वीं आणखी एक रात्र विचार करावा.