अंगावरून जाणे आणि गर्भ पडणे



या पानावर एरवी बेणे, खते, पाण्याच्या पाळ्या यांचा विचार असतो. आज अशा दुखण्याविषयी लिहायचे आहे की जे बाई सासूलाही सांगत नाही, नवऱ्याला तर नाहीच. पुरुष सभासदांनी पान उलटू नये.

डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील वसा आणि अमिर्झा या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आणि जगभरचे डॉक्टर चकित झाले. शंभरातल्या ९२ बायकांना स्त्रीरोग होते, एकेकीला सरासरी साडेतीनहून थोडे अधिक! त्यातले निम्मे दुखणे जंतुसंसर्गाचे. आणि पूर्वी तपासणी व उपचार झालेल्या बायका शंभरात फक्त ८. शंभरातल्या ४५ जणींची तर काही तक्रारच नव्हती. म्हणजे दुखत नाही म्हणून रोग नाही, असं समजू नये.

आता जंतूंचे. योनिमार्गात काही जंतू उपकारक असतात. दह्याच्या विरजणासारखे ते आंबटपणा तयार करतात, त्यामुळे वाईट जंतूंना थारा मिळत नाही. (म्हणून तिथे दही लावायचे नाही हो!) हे जंतू कमी झाले की दुसरे माजतात. मग पातळ, करडे-पांढरे, मासळीसारख्या वासाचे पाणी जाते. आत वरचेवर साबणाने धुतल्याने हे वाढतेच. गरोदरपणी असा संसर्ग असला तर चौथ्या ते सहाव्या महिन्यात गर्भ पडण्याचा, किंवा दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचा धोका वाढतो. गरमीचा, म्हणजे उपदंशाचा, धोका त्याहून मोठा. त्यात मूल पोटातच दगावू शकते. पण रक्ताच्या साध्या तपासणीत तो कळतो आणि पेनिसिलीनच्या इंजेक्शनने बरा होतो. मात्र नवऱ्यानेही तपासून औषध घ्यायलाच हवे. एकट्या बाईला सुई टोचून उपयोग नाही.

प्रत्येक गर्भ जंतूंमुळेच पडतो असे मात्र नाही. पहिल्या तीन महिन्यांत पडणारे पुष्कळ गर्भ मुळातल्या दोषाने पडतात, त्यात बाईचा काही अपराध नसतो. तेव्हा तिच्या चालीवर बोट ठेवणाऱ्यांनी जरा जीभ आवरावी.

वास, खाज, ओटीपोटात दुखणे, ताप, लघवीला जळजळ यांतले काही असेल तर अंगावर काढू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. गरोदर बाईला दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात मोफत तपासतात. गरोदरपणी रक्त गेले किंवा पाणी फुटले, तर ९ तारखेची वाट बघायची नाही, लगेच न्यायचे. औषध डॉक्टरच्या सल्ल्यानेच, आणि सांगितले तितके दिवस पुरते घ्यायचे.

आपल्या फडात कोयता चालवणाऱ्या बाईचीही हीच गत. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायकांची गर्भपिशवी काढण्याचे प्रकार इतके गाजले, की शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. अंगावरून पांढरे जाते एवढ्यासाठी पिशवी काढायची नसते. बहुतेक वेळा ते गोळ्यांनी बरे होते. टोळी उतरते तिथे आडोसा, स्वच्छ पाणी आणि दवाखान्यात जायला एक दिवस सुटी, एवढी सोय शेतमालक आणि मुकादम दोघांनी मिळून या गळितालाच करता येईल.