अंधार उपसण्याचा उद्योग

एचडीआर शिकवणाऱ्यांवर माझा राग आहे. तो आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना हिशेबात धरता येईल. तीन फ्रेम घ्या, सॉफ्टवेअरमध्ये टाका, शॅडो उचला, हायलाइट पाडा, डिटेलचा स्लायडर उजवीकडे ओढा, की झालं काम. शिकवणी एवढ्यावर आटोपते. पुढे शिकणाऱ्याचे फोटो कॅलेंडरवरच्या चित्रांसारखे चकाकायला लागले की हीच मंडळी ‘नजर तयार व्हायला वेळ लागतो’ असं म्हणून मोकळी होतात. वेळ लागतो हे खरंच. पण मुळात कुठलं काम कुणाचं हे सांगितलंच नसेल, तर तयार झालेली नजर बघणार काय? या प्रकारात कामं दोन आहेत. वेगवेगळ्या एक्सपोजरच्या फ्रेम जुळवून दृश्यातला सगळा उजेड एका फाइलमध्ये साठवणं हे पहिलं, आणि तो साठा कागदावर किंवा पडद्यावर मावेल इतका दाबणं हे दुसरं. पहिलं निव्वळ हिशेबाचं आहे, ते सॉफ्टवेअर चोख करतं. दुसऱ्यात कुठला अंधार ठेवायचा आणि कुठला उघडायचा हे ठरवावं लागतं. आभाळ कुठलं आणि माणूस कुठला हे हल्ली सॉफ्टवेअरला ओळखता येतं. फोटो कशासाठी काढलाय, हे अजूनही फक्त काढणाऱ्याला माहीत असतं. मी हात पोळून घेतले ते हे दुसरं काम यंत्राच्या गळ्यात घालून.

या तंत्राच्या उगमाकडे पाहिलं तर दोन कामांची ही फारकत तिथेच दिसते. 1997 साली पॉल डेबेवेक आणि जितेंद्र मलिक यांनी साध्या कॅमेऱ्याच्या कमीजास्त एक्सपोजरच्या फोटोंवरून दृश्यातल्या उजेडाचं माप कसं काढायचं ते दाखवलं. माप हा शब्द महत्त्वाचा आहे. डेबेवेक यांनी पुढे ते वापरलं संगणकावर घडवलेल्या वस्तूंवर खराखुरा वाटेल असा प्रकाश पाडायला. सिंहगडावरचा सूर्योदय रंगतदार करायचं कुणाच्या मनातही नव्हतं. मग हे माप साध्या पडद्यावर दाखवायचं कसं, या प्रश्नाला 2002 च्या एकाच सिग्राफ परिषदेत तीन वेगळी उत्तरं आली: राइनहार्ड आणि सहकाऱ्यांचं एक, फत्ताल आणि सहकाऱ्यांचं दुसरं, ड्युरँड व डोर्सी यांचं तिसरं. तिघांच्या रीती वेगळ्या आणि निघणारी चित्रंही वेगळी. एकाच मापातून तीन चित्रं निघतात, तेव्हा त्यांतलं खरं कुठलं हे ते माप सांगू शकत नाही. आता आकडे बघा. एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड; दृश्यात 14 स्टॉपचा फरक असेल तर तो 16,384 पट. चांगल्या प्रिंटवर सगळ्यांत पांढऱ्या आणि सगळ्यांत काळ्या जागेत फरक असतो साधारण शंभर पटींचा, म्हणजे जेमतेम सात स्टॉप. ज्याला आपण कौतुकाने हाय डायनॅमिक रेंजचा फोटो म्हणतो तो भिंतीवर लागतो तेव्हा त्याची रेंज कुठल्याही साध्या प्रिंटएवढीच असते. एसटीत बाकडी तेवढीच आहेत. कुणाला बसवायचं आणि कुणाला उभं ठेवायचं, एवढंच आपल्या हातात.

कार्ल्याचं चैत्यगृह घ्या. दर्शनी बाजूच्या नालाकृती मोठ्या गवाक्षातून उजेड आत येतो आणि मधल्या दालनातून स्तूपाकडे जातो. दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, त्यांच्यामागे चिंचोळ्या अंधाऱ्या वाटा, आणि वर दोन हजार वर्षं टिकलेल्या लाकडी फासळ्या. ही वास्तू खोदणाऱ्यांनी दगड जितका विचारपूर्वक कोरला तितकीच उजेडाची वाटही ठरवली आहे. आतून गवाक्षाकडे तोंड करून घेतलेला फोटो एका एक्सपोजरमध्ये मावत नाही. एकतर गवाक्ष पांढरं फटक पडतं, नाहीतर खांब काजळात जातात. म्हणजे ब्रॅकेटिंगची, वेगवेगळ्या एक्सपोजरच्या फ्रेम घेण्याची, गरज इथे खरीखुरी आहे. पण त्या तीन फ्रेम तयार प्रीसेटखाली घाला आणि काय होतं ते बघा. खांबांमागच्या वाटा मधल्या दालनाइतक्याच उजळतात. गवाक्षाबाहेरचं ऊन करडं होतं. बेसॉल्टवरचा प्रत्येक टाकीचा घाव आणि प्रत्येक खळगा टोकदार होऊन दगड ओल्या डांबरासारखा दिसायला लागतो. लाकडी फासळ्या जणू कालच पॉलिश केलेल्या. या फोटोत माहिती अधिक आहे हे मान्य, पण त्यात कार्ला नाही. डोळा कुठे जायचा हे ज्या अंधारामुळे ठरत होतं तोच उपसून टाकल्यावर स्तूपाकडे बघायचं कारणच उरत नाही.

बिघाड नेमका कुठे होतो हे कुणी समजावत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. ही सॉफ्टवेअरं प्रत्येक ठिकाणचा उजेड त्याच्या आसपासच्या सरासरीशी ताडून बघतात. डोंगराची काळी कड आणि मागे उजळ आभाळ असेल, तर कडेलगतच्या आभाळाच्या शेजारात डोंगराचा काळोखही मोजला जातो. सरासरी खाली येते, आणि ‘इथे अंधार आहे’ असं समजून सॉफ्टवेअर तेवढंच आभाळ आणखी उजळतं. कड्याभोवती दिसणारं ते तेजोवलय, ज्याला हेलो म्हणतात, ते असं जन्माला येतं. फोनच्या पडद्यावर ते चटकन जाणवत नाही, प्रिंट काढली की लपत नाही. डोंगराला कुणीतरी देवत्व बहाल केल्यासारखं वाटतं. रंगांचंही असंच. उजेडाचा फरक दाबला आणि रंगांचं परस्परांतलं प्रमाण तसंच ठेवलं, की रंग मूळच्यापेक्षा गडद भासतात. म्हणून टोन मॅपिंगनंतर, म्हणजे या दाबण्यानंतर, सॅच्युरेशन कमी करावं लागतं. बहुतेक प्रीसेट ते वाढवतात, कारण विकायला ठेवलेला माल चमकावा लागतो.

यावर ठरलेला आक्षेप असा की डोळ्याला तर लेण्यात सगळं दिसतं, मग फोटोत का दिसू नये? डोळ्याला सगळं एका वेळी दिसत नाही. तो गवाक्षाकडे वळला की बाहुली आकसते, खांबांकडे वळला की विस्फारते, आणि मेंदू त्या तुकड्यांतून एक दृश्य उभं करतो. एचडीआरची मूळ उमेद हीच आहे आणि तिला माझा विरोध नाही. पण डोळा कितीही सरावला तरी एक गोष्ट विसरत नाही: बाहेरचं ऊन आतल्या भिंतीपेक्षा उजळ आहे. ही उतरंड मोडली की पाहणाऱ्याला कारण न कळताही काहीतरी खोटं वाटतं. म्हणून परीक्षा सोपी आहे. मूळ मधल्या फ्रेममध्ये उजळ ते काळी अशा पाच जागा निवडा आणि तयार फोटोत त्यांचा क्रम तोच आहे का ते तपासा. अंतरं कमी झालेली चालतील, कारण दाबायचं म्हटलं की ती होणारच. क्रम उलटा झाला असेल, गवाक्षाबाहेरचं आभाळ आतल्या भिंतीपेक्षा काळं झालं असेल, तर मागे फिरा. हे एक वाक्य मला कुणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर… असो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. फोटोग्राफीत हातचलाखी पहिल्यापासून आहे, मग एचडीआरवरच दात का? गुस्ताव्ह ल ग्रे याने 1850 च्या दशकात समुद्र आणि आभाळ वेगळ्या निगेटिव्हवर घेऊन एका प्रिंटमध्ये जोडले. अॅन्सेल अॅडम्स डार्करूममध्ये प्रिंटचा एक कोपरा जाळायचा, दुसरा वाचवायचा. बरोबर आहे. पण ल ग्रे याने कुठलं आभाळ कुठल्या समुद्रावर ठेवायचं ते ठरवलं होतं, आणि अॅडम्सने कुठली सावली कुठल्या झोनमध्ये बसवायची ते शटर दाबण्याआधीच. त्यांची लबाडी, म्हणायचंच असेल तर, जागेजागेचा विचार करून केलेली होती. प्रीसेट लेण्याला, लग्नाच्या हॉलला आणि ताम्हिणीतल्या पावसाला एकच न्याय लावतो. उरला ‘लोकांना हेच आवडतं’ हा युक्तिवाद. गिऱ्हाइकाला भडक हवं असेल तर भडक द्या, पोट सगळ्यांना आहे. फक्त त्याला शैली म्हणू नका.

आता कामाचं बोलू. सगळ्यांत आधी, ब्रॅकेटिंग खरंच हवं आहे का ते हिस्टोग्रामवर बघा. आजचे चांगले सेन्सर सगळ्यांत कमी आयएसओवर एकाच रॉ फ्रेममध्ये पुष्कळ रेंज पकडतात. ढगाळ दिवशी घाटात तीन फ्रेम घेणं म्हणजे नुसती हमाली. मात्र एका फ्रेममधून खोल सावली उचलायची ठरवली तर 14 बिटांचा हिशेब लक्षात ठेवा. रॉ फाइलच्या 16,384 पायऱ्यांपैकी निम्म्या एकट्या सर्वांत उजळ स्टॉपमध्ये जातात आणि दहाव्या स्टॉपच्या वाट्याला उरतात सोळा. तिथून उचलाल तर नॉइजच हाती येईल. ब्रॅकेटिंगचं खरं प्रयोजन हे आहे. दोन-दोन स्टॉपच्या अंतराने तीन फ्रेम बहुतेक वेळा पुरतात. एकेका स्टॉपच्या पाच फ्रेम तेवढीच रेंज व्यापतात आणि मधल्या वेळात माणसं हलण्याची संधी तेवढी वाढवतात. बदल शटरमध्येच करा. अॅपर्चर बदललं तर डेप्थ ऑफ फील्ड बदलते आणि कडा जुळत नाहीत. आयएसओ आणि फोकस बांधून ठेवा, कॅमेरा ट्रायपॉडवर असेल तर स्टॅबिलायझेशन बंद करा. कार्ल्यासारख्या संरक्षित ठिकाणी ट्रायपॉडला पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी लागते. ती आधी काढा, दारात वाद घालू नका. शिवाय एकवीरेचं देऊळ तिथेच असल्याने गर्दी असते. हललेल्या माणसांची भुतं काढायला डीघोस्टची सोय आहे खरी, पण त्या भागापुरतं सॉफ्टवेअर एकाच फ्रेमवर येतं आणि ज्या नॉइजसाठी एवढा खटाटोप केला तो नेमका तिथे परततो.

जुळवताना लाइटरूममधली ऑटो सेटिंगची खूण काढून टाका. हाती येणारी फाइल रॉसारखीच लवचिक असते. आधी काही न करता ती फिकी दिसू द्या. मग मास्क करून एकेक भाग हाताने उघडा किंवा झाका. हे जमत नसेल तर एन्फ्यूज हे फुकट साधन वापरून बघा. 2007 मध्ये मर्टेन्स, काउट्झ आणि व्हान रीथ यांनी मांडलेल्या रीतीवर ते चालतं. त्यात मधली एचडीआर फाइल बनतच नाही, प्रत्येक फ्रेममधला बरा भाग वजन देऊन मिसळला जातो, आणि निकाल बहुधा शांत येतो. फोटो दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा, मॉनिटरचा ब्राइटनेस कमी ठेवा, वगैरे गोष्टी सगळेच सांगतात. त्या खऱ्या आहेत, पाळा. प्रीसेटचे पॅक मात्र घेऊ नका. त्याच पैशांत आठ बाय बाराच्या कितीतरी प्रिंट निघतात. त्या काढा, भिंतीला लावा आणि दोन हात लांबून बघा.