सोमवारी ऑफिसला जाण्याआधी

अगं, काढून ठेवलं की अंगावरचं दूध आटतं, हे तुला कोणी सांगितलं? उलट आहे. जितकं रिकामं होईल तितकं नवं येतं. ऑफिसात दुपारभर काढलंच नाहीस तर मात्र कमी होईल, वर गाठी होऊन ठणका लागेल तो वेगळाच. तेव्हा हाताने काढ नाहीतर पंपाने, पण काढ. आधी हात साबणाने स्वच्छ धू.

आता ठेवण्याचं. सगळीकडे लिहिलेलं असतं की बाहेर चार तास, फ्रीजमध्ये चार दिवस. पण ते चार तास २५ अंशांपर्यंतच्या खोलीतले. एप्रिलात, कुकर चालू असताना आपल्या स्वयंपाकघरात २५ अंश आणायचे कुठून? म्हणून ओट्यावर ठेवूच नकोस. झाकण लाव, तारीख-वेळ लिही आणि थेट फ्रीजमध्ये, मागच्या बाजूला. दारात नको, ते दिवसभर उघडत असतं. ऑफिसातून आणताना बर्फाच्या पॅकची पिशवी घे. लोकलच्या गर्दीतही त्यात दूध नीट राहतं. महिनोन्‌महिने साठवायचं तर उणे १८ अंशांचा फ्रीझर हवा. एकदारी फ्रीजमधल्या बर्फाच्या खणावर तेवढा भरवसा टाकू नकोस, त्यातून लाइट गेली तर विचारूच नको.

वर साय धरल्यासारखा थर येईल. घाबरू नकोस, हलकेच फिरवलं की मिसळतो. गोठवलेल्या दुधाला कधी साबणासारखा वास येतो, त्यानेही ते नासलेलं नसतं. उलट, वास चांगला आहे म्हणून जुनं दूध देऊ नकोस. नाकापेक्षा डब्यावरची वेळ खरी.

आणि आता सासूबाई. त्यांचा जन्म दूध आणलं की आधी तापवण्यात गेला. तुझं दूध दिसलं की हात गॅसकडे जाणारच! त्यांना आजच सांग, हे उकळायचं नाही, मायक्रोवेव्हमध्येही नाही. कोमट पाण्याच्या भांड्यात डबी धरायची, बस. बाळाला आजारांपासून राखणारं त्यात जे असतं, ते उकळल्यावर बरंचसं जातं. गोठवलेलं असेल तर रात्रीच फ्रीजमध्ये खाली काढून ठेव. पूर्ण वितळल्यापासून २४ तासांत संपवायचं, परत गोठवायचं नाही.

उष्ट्या दुधावरून मात्र वाद होईल. बाळाने अर्धं पिऊन सोडलेलं दोन तासांच्या आत दिलं तर दिलं, नाहीतर ओतायचं. त्यांचा जीव तुटेल, तुझा तर त्याहून. म्हणून मोठी बाटली भरूच नकोस. साठ-साठ मिलिच्या डब्या कर, लागली तर दुसरी काढता येते. ताजं दूध जुन्यात घालायचं झालं तर आधी गार कर, आणि तारीख जुन्याचीच धर.

हे सगळं आपल्या बाळासारख्या पूर्ण दिवसांच्या, धडधाकट बाळासाठी. शेजारच्या कमी दिवसांच्या बाळाच्या आईला यातलं काही सांगू नकोस, तिने डॉक्टरांनाच विचारायचं.

पाजायला वाटी-चमचा बरा. आजीचं बोंडलं काढलंस तर त्याची चोच आतून घासून उकळल्याशिवाय वापरू नकोस. आणि सवय आजपासूनच लाव. सासूबाईंना पाजू दे, तू तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत जा. तुझा वास आला की बाळ वाटीला तोंड लावणार नाही.