मुंबई ते गोवा : हवाई अंतर आणि उड्डाणाचा काळ

दोन विमानतळांमधील हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या पृष्ठभागावरून त्यांना जोडणाऱ्या सर्वांत लहान मार्गाची लांबी होय. अक्षांश व रेखांश ठाऊक असल्यास शालेय गणिताच्या आधारे हे अंतर काढता येते.

मुंबईचा सांताक्रूझ-सहार येथील विमानतळ १९° ५′ उत्तर अक्षांशावर व ७२° ५२′ पूर्व रेखांशावर आहे. गोव्यातील दाबोळी १५° २३′ उत्तर व ७३° ५०′ पूर्व येथे आहे. अक्षांशांतील फरक ३° ४२′, म्हणजे ३.७ अंश. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरांचा असल्यामुळे दक्षिणोत्तर अंतर ४११ किलोमीटर होते. रेखावृत्ते ध्रुवांकडे एकमेकांजवळ येत जातात. या भागात रेखांशाचा एक अंश सुमारे १०६ किलोमीटरांचा भरतो. रेखांशांतील फरक ५८′ असल्याने पूर्वपश्चिम अंतर १०२ किलोमीटर येते. काटकोन त्रिकोणाच्या नियमानुसार या दोहोंच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ काढले असता उत्तर सुमारे ४२३ किलोमीटर मिळते. ही रीत अशा अल्प अंतरासाठीच पुरेशी आहे. दूरच्या अंतरासाठी पृथ्वीची गोलाई हिशेबात घ्यावी लागते.

ताशी ८०० किलोमीटर वेगाने हे अंतर ३२ मिनिटांत कापले जावे. तथापि वेळापत्रकात सुमारे सव्वा तास दाखविलेला असतो. विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा काळ त्यात धरलेला असतो. धावपट्टीपर्यंत जाणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, चढणे आणि उतरणे यांत बराच वेळ जातो. पूर्ण वेगाचा टप्पा थोडाच असतो. शिवाय विमान वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उड्डाण करते. मुंबईहून ते बहुधा पश्चिमेस समुद्रावर जाऊन नंतर दक्षिणेस वळते.

गोव्यात आता दोन विमानतळ आहेत. पेडणे तालुक्यातील मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ पासून प्रवासी वाहतूक सुरू झाली. मुंबईपासून मोपा सुमारे ३८७ किलोमीटर, म्हणजे दाबोळीपेक्षा ३६ किलोमीटरांनी जवळ आहे. आकाशात हा फरक अवघ्या तीन मिनिटांचा आहे. जमिनीवर मात्र दाबोळीहून मोपास जाताना जुवारी, मांडवी व शापोरा या तीन नद्या ओलांडाव्या लागतात आणि तासाहून अधिक वेळ सहज मोडतो. शस्त्रक्रियेसाठी वा मुलाखतीसाठी निघालेला प्रवासी चुकीच्या विमानतळावर पोहोचला, तर त्याचे विमान हुकलेच म्हणून समजावे.

यास्तव तिकिटावरील केवळ ‘गोवा’ हा शब्द पाहून निघू नये. दाबोळीची संकेताक्षरे ‘जीओआय’ व मोपाची ‘जीओएक्स’ आहेत. ती तिकिटावर पडताळावीत. पेडणे, बारदेश व सावंतवाडीकडील लोकांना मोपा, तर मुरगाव, सासष्टी व काणकोण येथील लोकांना दाबोळी सोयीचे आहे. सुटण्याच्या वेळेपूर्वी दोन तास विमानतळावर पोहोचावे आणि घरापासूनच्या रस्त्याचा वेळ त्याहून वेगळा धरावा.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून पुढील उदाहरण सोडवून घ्यावे : बेळगावचा सांबरा विमानतळ १५° ५१′ उत्तर व ७४° ३७′ पूर्व येथे आहे. मुंबईपासून त्याचे हवाई अंतर किती? (उत्तर : सुमारे ४०४ किलोमीटर.)