पहिली टोपली : ल्यूशिया हॅरिस

थोर खेळाडूंची चरित्रे आपण वाचतो ती बहुधा त्यांच्या विजयांसाठी. परंतु अंगी गुण असूनही ते दाखविण्यास मैदानच मिळाले नाही तर काय होते, हा विचार क्वचितच मनात येतो. अमेरिकेतील ल्यूशिया हॅरिस हिचे चरित्र वाचताना आम्हांस तो पदोपदी आला. म्हणून ते येथे थोडक्यात देत आहोत.

बास्केटबॉलचा खेळ जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे सुरू केला. पुढच्याच वर्षी सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने नियमांत फेरफार करून तो आपल्या विद्यार्थिनींना शिकविला. खेळाची सुरुवात अशी जवळजवळ बरोबरीने झाली. तथापि ऑलिंपिकमध्ये पुरुषांना १९३६ साली प्रवेश मिळाला, तर स्त्रियांना १९७६ पर्यंत थांबावे लागले.

ल्यूशियाचा जन्म १० फेब्रुवारी १९५५ रोजी मिसिसिपी राज्यातील मिंटर सिटी या खेड्यात, एका कृष्णवर्णीय शेतकरी कुटुंबात झाला. अकरा भावंडांत ती दहावी. शेतात कापूस वेचावा आणि सवड मिळताच भावंडांबरोबर चेंडू टोपलीत टाकावा, असे तिचे बालपण गेले. रात्री घरचे झोपले की ती गोधडीखाली दडून दूरचित्रवाणीवर ऑस्कर रॉबर्टसन या नामांकित खेळाडूचा खेळ पाही. सहा फूट तीन इंच उंचीमुळे सोबतीणी तिची थट्टा करीत. मैदानावर मात्र तीच उंची तिचे बळ ठरली.

१९७३ साली ती क्लीव्हलंड गावच्या डेल्टा स्टेट महाविद्यालयात दाखल झाली. तेथील प्रशिक्षिका मार्गारेट वेड यांची कथाही ऐकण्याजोगी आहे. त्या स्वतः याच महाविद्यालयात खेळत असताना, हा खेळ मुलींना झेपणारा नाही, असे म्हणून अधिकाऱ्यांनी मुलींचा संघच बंद केला होता. तब्बल चाळीस वर्षांनी तो पुन्हा उभा राहिला, आणि त्याची धुरा वेड यांच्याच हाती आली. त्यांच्या मार्गदर्शनाखाली ल्यूशियाच्या संघाने १९७५, १९७६ व १९७७ अशी लागोपाठ तीन वर्षे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. महाविद्यालयीन सामन्यांत तिने एकंदर २,९८१ गुण नोंदविले.

१९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये पहिला सामना जपानशी झाला. स्त्रियांच्या ऑलिंपिक बास्केटबॉलमधील पहिली टोपली ल्यूशियाने केली. तो सामना अमेरिका हरली. परंतु स्पर्धेअखेर तिच्या संघाने रौप्यपदक पटकाविले. सुवर्णपदक सोव्हिएट संघास मिळाले.

१९७७ साली न्यू ऑर्लीन्स जॅझ या पुरुषांच्या व्यावसायिक संघाने खेळाडूंच्या निवडीत तिचे नाव घेतले. असा मान अधिकृतपणे मिळालेली ती एकमेव स्त्री होय. तिने मात्र नकार दिला. तिचे नुकतेच लग्न झाले होते व ती माता होणार होती. शिवाय पुरुषांच्या संघात आपला निभाव लागेल, असे तिला वाटत नव्हते. स्त्रियांसाठी त्या वेळी देशात एकही व्यावसायिक स्पर्धा नव्हती. पुढे १९७९-८० मध्ये ह्यूस्टनच्या संघातून ती एक हंगाम खेळली, पण ती स्पर्धाही अल्पायुषी ठरली. स्थिर पायावर उभी राहिलेली व्यावसायिक स्पर्धा १९९७ साली सुरू झाली, तेव्हा ल्यूशियाबाई बेचाळीस वर्षांच्या होत्या.

मधल्या काळात मानसिक आजाराशीही त्यांना झुंजावे लागले. तरीही त्यांनी शिक्षणशास्त्राची पदव्युत्तर पदवी संपादन केली आणि ज्या शाळेत स्वतः शिकल्या, त्याच शाळेत त्या शिक्षिका व प्रशिक्षिका झाल्या. १९९२ साली नेस्मिथ यांच्या नावाच्या सन्मान-दालनात त्यांचा समावेश झाला. हा मान मिळालेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. त्या समारंभात त्यांच्या सोबत होते, बालपणी गोधडीखालून पाहिलेले तेच ऑस्कर रॉबर्टसन! १८ जानेवारी २०२२ रोजी त्यांचे निधन झाले. दोनच महिन्यांनी त्यांच्या जीवनावरील माहितीपटास ऑस्कर पारितोषिक मिळाले.

मुलींनो, गुणांस कष्टांची जोड हवी, हे तुम्ही जाणताच. पण गुणांस मैदानही लागते, आणि ते सिद्ध करून देणे हे वडीलधाऱ्यांचे व शाळेचे कर्तव्य आहे. मार्गारेट वेड यांना चाळीस वर्षांनी संघ परत मिळाला, तेव्हा कोठे एका शेतकऱ्याच्या मुलीला ऑलिंपिकची वाट सापडली. आपल्या शाळेच्या मैदानावर सायंकाळी जो चेंडू उसळतो, त्यामागे धावण्यास मुलींना कोणी अडवू नये, एवढीच आमची इच्छा.