दिव्यावरचा मोठा पतंग : रेशमाचा की डाळिंबावरचा?

सख्यांनो, जूनमध्ये पहिला दमदार पाऊस झाला की अंगणातल्या दिव्याभोवती पतंगांची झुंबड उडते. त्यात एखादा तळहाताहून मोठा, रंगीत, पंखांवर डोळे काढल्यासारखा असतो. कोणी म्हणतं अपशकुनी, कोणी म्हणतं विषारी. ज्यांच्याकडे डाळिंब आहे त्या म्हणतात, हाच फळ टोचतो, हाणा त्याला. झाडू पडतो, पतंग मरतो, आणि बागेतली फळं तरी गळतच राहतात. कारण मारला तो बहुतेक वेळा दुसराच असतो.

ओळखायचं असेल तर आधी तोंड बघा. रानातल्या रेशमाच्या पतंगाला खायला तोंडच नसतं म्हटलं तरी चालेल. सोंड नाही, त्यामुळे फळ टोचणं नाही, रस पिणं नाही. जे काय खायचं ते त्यानं अळी असताना खाऊन घेतलेलं असतं. त्या शिदोरीवर तो आठ-दहा दिवस जगतो, मादी अंडी घालते, की संपलं.

दुसरी खूण मिशांची. याच्या मिशा पिसासारख्या असतात, नराच्या जास्तच रुंद. अंधारात मादीचा वास तो त्या मिशांनीच ओळखतो. बसताना पंख चांगले पसरून बसतो. टसरच्या पतंगाच्या चारही पंखांवर एकेक गोल डोळा असतो आणि त्या डोळ्याच्या मध्ये काचेच्या खिडकीसारखा आरपार दिसणारा ठिपका. नर तांबूस, मादी पिवळसर आणि अंगानं मोठी.

टसरची अळी ऐन आणि अर्जुनाच्या पानांवर वाढते, तशी बोरीवरही. आपल्या माळावर ऐन कुठला, पण बोरी भरपूर आहेत. तेव्हा बोरं वेचताना फांदीकडे लक्ष ठेवा. टसरचा कोष अंड्याएवढा, कडक, मातकट रंगाचा असतो आणि देठानं फांदीला अडकवल्यासारखा लोंबतो. कोरड्या दिवसांत आतला जीव झोपून असतो, पाऊस आला की बाहेर पडतो. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांत याच किड्यावर ढिवर समाजाची कुटुंबं पिढ्यानपिढ्या पोट भरतात. विदर्भातली करवतकाठी साडी विणतात ती याच धाग्याची.

आपल्यातल्या काही ताई तुतीवर रेशीम शेती करतात. तो किडा वेगळा. कोष विकायला उशीर झाला तर चंद्रिकेवर जो पांढरा पतंग निघतो, त्याला नीट उडताही येत नाही. हजारो वर्षं माणसानं पाळल्यामुळे तो अगदी घरचा होऊन गेलाय.

मोबाईलवर फिरतो तो पंखाच्या टोकाला सापाचं तोंड असलेला अवाढव्य पतंग म्हणजे अॅटलास. पंख पसरले तर फूटभराला थोडा कमी. फिकट हिरवा, लांब शेपट्यांचा तो चंद्र पतंग. दोन्ही रेशमाच्याच घराण्यातले, पण राहतात सह्याद्रीच्या दाट झाडीत. आणि पाठीवर कवटीसारखी खूण असलेला, धरला की चूं चूं करणारा पतंग? तो या घराण्यातला नाही. त्याची अळी तिळावर सापडते, आणि तो स्वतः मधाच्या पोळ्यात शिरून मध चोरतो. माणसाला काही करत नाही. भुताखेताचं त्यात काही नाही.

आता डाळिंबावरचा. याला रसशोषक पतंग म्हणतात. बसला की वाळक्या पानासारखा दिसतो, कारण वरचे पंख तपकिरी असतात आणि तो ते छपरासारखे मिटून घेतो. पंख उघडले की आतले नारिंगी-पिवळे, त्यावर काळा पट्टा. दिसायला फार देखणा. पण मिशा दोऱ्यासारख्या बारीक आणि सोंड इतकी मजबूत की डाळिंबाची साल भोकसते. फळावर टाचणीएवढं भोक, त्यातून रस, भोवती सड, मग गळ. वर्षभराची मेहनत टाचणीच्या भोकातून जाते.

याच्यावर फवारणीचा फारसा उपयोग होत नाही, कारण तो बागेत राहत नाही, रात्री बाहेरून येतो. त्याची अळी गुळवेल आणि वासनवेलीवर वाढते. म्हणून बागेच्या कुंपणावरच्या या वेली काढा. औषधाला गुळवेल हवी असेल तर ती घराजवळ, बागेपासून लांब ठेवा. गळलेली, सडकी फळं रोज वेचून खड्ड्यात पुरा, कारण त्या वासावर तो येतो. जमेल तिथं फळांना पिशव्या घाला. गुळाच्या पाण्याचं आमिष ठेवणार असाल तर त्यात औषध किती घालायचं ते कृषी सहायकांना विचारूनच, आणि लेकरं-जनावरं तिथं फिरकणार नाहीत असं बघून.

दिवस मावळल्यावर बॅटरी घेऊन बागेत एक फेरी मारा. फळावर बसलेल्या पतंगाचे डोळे उजेडात चमकतात. सोंड फळात रुतलेली असली की तो चटकन उडत नाही, जाळीनं धरता येतो. धरलात की मिशा बघा, सोंड बघा. पिसाच्या मिशा असतील तर सोडून द्या.